जुन्या मोटारीची पुढची चाके किती भरवशाची?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या या रस्त्यामुळे नागपूर आणि मुंबई ही दोन्ही टोके जवळ आली, हे खरेच. परंतु त्याबरोबर आणखी एक बदल घडला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या मोटारी आजवर भोकरदन, अंबड, मंठा, परतूरच्या रस्त्यांवर खड्डे चुकवीत ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने चालत होत्या, त्याच मोटारी आता टोलनाका ओलांडताच काही मिनिटांत ताशी शंभराच्या पुढे धावू लागल्या आहेत. मार्ग नवा, वेग नवा. गाडी मात्र पंधरा-अठरा वर्षांपूर्वीची.

‘एमएच २१’ या क्रमांकाच्या जुन्या मोटारी जिल्ह्यात आजही भरपूर दिसतात. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. म्हणजे रस्त्यावरची सर्वांत तरुण ‘८००’सुद्धा आज दशकाहून जुनी आहे. तिच्या जोडीला इंडिका, सुमो, जुन्या बोलेरो आणि मोसंबी वा भाजीपाला बाजारात नेणारी छोटी मालवाहू वाहने आहेतच. या गाड्या टाकाऊ आहेत असे कोणी समजू नये. इंजिन साधे, सुटे भाग स्वस्त आणि मिस्त्रीला त्यांची नस पाठ, अशा अनेक कारणांनी त्या टिकून आहेत. प्रश्न इंजिनाचा नाहीच. इंजिन बिघडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि आपण चडफडत फोन लावतो. पुढच्या चाकाचा सांधा निखळला तर फोन लावण्याची संधी मिळेलच असे नाही.

पुढची चाके एकाच वेळी चार कामे करतात. गाडीचे वजन पेलतात, खड्ड्यांचा धक्का सोसतात, दिशा देतात आणि ब्रेक लावल्यावर पुढे झेपावणारा भार सर्वाधिक अंगावर घेतात. मारुती ८०० सारख्या पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत तर गाडी ओढण्याचे पाचवे कामही त्यांच्याचकडे असते. ही सारी कामे ज्या सांध्यांमधून पार पडतात ते सांधे आकाराने लहान असतात. छोट्या मोटारीच्या बॉल जॉइंटमधील गोळा लिंबाएवढाही नसतो. त्याच्या भोवती थोडे ग्रीस आणि त्यावर एक रबरी टोपी, एवढेच त्याचे संरक्षण. टोपी फाटली की आत धूळ शिरते, पावसाळ्यात पाणी शिरते, आणि ग्रीसची जागा हळूहळू घासण्याच्या लेपाने घेतली जाते.

मराठवाड्यात हे लवकर घडण्यास कारणे आहेत. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता सपाट राहण्यास तयार नसतो. उसाच्या हंगामात अंबड-घनसावंगीकडच्या रस्त्यांवरून भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात आणि चाकोऱ्या खोल होतात. मे महिन्यातील चाळीस अंशांपलीकडचे ऊन रबर कडक करते. कडक झालेले रबर वळताना चिरते. गाडी कमी चालली म्हणून रबर टिकेल, हाही समज चुकीचा आहे. वर्षातून दोनदा राजूरच्या गणपतीला आणि लग्नसराईला बाहेर निघणाऱ्या गाडीचे रबर उभ्या जागी वयाने झिजते.

वेगाचे गणित

सांध्यातील ढिलाईला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. तो अर्धा-एक मिलिमीटर असला तर ताशी चाळीस किलोमीटर वेगात कळतही नाही. कळलाच तर ‘जुनी गाडी, एवढे चालायचेच’ म्हणून सोडून दिला जातो. पण गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग साठावरून एकशेवीसवर गेला, म्हणजे दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते. असंतुलित चाकाचा हादराही याच नियमाने वाढतो. शिवाय ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. गाडी एका बाजूस ओढू लागली हे ध्यानात येऊन हात सावरेपर्यंत ती बाजूच्या मार्गिकेत पोहोचलेली असते. समृद्धीवर मोटारींसाठी ताशी १२० ही कमाल मर्यादा आहे. ती प्रत्येक गाडीसाठी शिफारस आहे असा अर्थ काढण्याचे कारण नाही.

कायद्याने या बाबीकडे दुर्लक्ष केलेले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम केवळ स्टिअरिंगविषयी आहे. स्टिअरिंगच्या चक्रावरील रिकामी हालचाल ३० अंशांहून अधिक असू नये, जोडणीतील सर्व बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट वा पिनांनी जोडलेले भाग सुटणार नाहीत अशा रीतीने पक्के केलेले असावेत, असे तो सांगतो. नियम थोडक्यात आहे, पण त्यातील प्रत्येक शब्द अनुभवातून आलेला वाटतो. त्यातील ३० अंशांची सवलत मात्र फार उदार आहे. ३७ सेंटीमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे पावणेदहा सेंटीमीटर. जुन्या मालमोटारींच्या स्टिअरिंग बॉक्सचा विचार करून ठरवलेली ती मर्यादा असावी. रॅक पद्धतीचे स्टिअरिंग असलेल्या छोट्या मोटारीत चक्राच्या कडेवर तीन सेंटीमीटरच्या वर रिकामी हालचाल जाणवली तर सांधे तपासायलाच हवेत.

सरकारी तपासणीचे वेळापत्रकही लक्षात घेण्याजोगे आहे. मालवाहू व प्रवासी वाहनांना योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या वाहनांना एका वर्षासाठी मिळते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे वीस वर्षांच्या आयुष्यात परिवहन कार्यालयातील निरीक्षकाची नजर घरच्या मोटारीवर जेमतेम दोनदा पडणार. फाटक्या टोपीचा बॉल जॉइंट एका पावसाळ्यात खराब होऊ शकतो. मधल्या काळात गाडीकडे पाहणे ही मालकाचीच जबाबदारी उरते.

जमिनीवर उभ्या गाडीची तपासणी

गाडी उचलण्याची घाई करू नये. निम्म्याहून अधिक माहिती ती चाकांवर उभी असतानाच मिळते आणि त्यासाठी एकाही पान्याची गरज नसते.

पहिला साक्षीदार म्हणजे टायर. हवा कमी ठेवून चालवलेल्या टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त ठेवल्यास मधला पट्टा झिजतो. इथवर दोष सस्पेन्शनचा नाही. पण टायरची एकच कड झिजली असेल तर चाकाचे कोन बिघडले आहेत. टायरच्या पृष्ठभागावरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाके एकमेकांना समांतर नाहीत आणि टायर रस्त्यावर तिरके घासत चालले आहे. अंतराअंतरावर वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे बोलीतला ‘शॉकअप’, थकला असण्याची किंवा कुठला तरी सांधा अथवा बेअरिंग सैल असण्याची शक्यता मोठी. नवे टायर घालून हा पुरावा पुसून टाकण्यापूर्वी जुने टायर नीट वाचून घ्यावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर समोरचे दोनच टायर कोरे करकरीत दिसले की अधिक सावध व्हावे.

नंतर गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. फरक ठळक असेल तर एका बाजूची स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे. पुढच्या कॉइल स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटणे हा जुन्या गाड्यांतील नेहमीचा प्रकार आहे. तो खालच्या बशीत दडलेला असतो आणि तुटलेले टोक टायरजवळच असते, म्हणून टॉर्च लावून तिथे पाहणे श्रेयस्कर.

मडगार्ड दाबून गाडी हलवून पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. दाब सोडल्यावर गाडी एक-दीड झोका घेऊन थांबली पाहिजे. परंतु ही परीक्षा फार सौम्य आहे. तिच्यात नापास होणारा शॉकअप पूर्णपणे मेलेला असतो आणि पास होणारा चांगला असेलच असे नाही. त्यापेक्षा शॉकअपच्या अंगावर तेल पाहावे. किंचित ओलसर धूळ चालते, ओघळ चालत नाही.

यापुढील परीक्षेला दोन माणसे लागतात आणि माझ्या मते साऱ्या तपासणीत हिच्याइतकी उपयुक्त दुसरी नाही. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड वा लाकडी ओंडके लावून, गाडी चाकांवरच उभी ठेवावी. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे, झटक्याने हलवत राहावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने चाकामागे टॉर्च मारून एकेक सांधा पाहावा आणि त्यावर बोटे ठेवावीत. फिरत्या पंख्यापासून, पट्ट्यापासून आणि चाकाच्या जवळ आवळणाऱ्या जागांपासून हात दूर ठेवावा. चाके जमिनीवर असल्याने सांध्यांवर खराखुरा भार असतो. टाय रॉड एंड सैल असेल तर दांडी हलते आणि चाकाकडचा भाग क्षणभर मागे राहतो. बोटांना ‘टक्’ असा स्पर्श होतो. रॅकच्या दोन टोकांना घडीचे रबरी बूट असतात. ते बोटांनी दाबून आतला सांधाही याच वेळी चाचपता येतो. बूट फाटला असेल तर आत चिखल आणि पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत बुटात तेल साचले असेल तर रॅकचे सील गेले आहे. त्याच ओघात स्टिअरिंगच्या दांड्यावरील छोटा युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याचा बोल्ट पाहून घ्यावा. पायाजवळच्या अंधारात असल्याने तो बहुधा तपासणीतून सुटतो.

स्टिअरिंग पूर्ण फिरवताना पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवावा. ती अडखळत, तार छेडल्यासारखी उडी मारत फिरत असेल तर शॉकअपच्या माथ्यावरचे बेअरिंग धरले आहे. अशा गाडीचे स्टिअरिंग वळण संपल्यावर आपोआप सरळ होत नाही. चालक त्याला ‘जड स्टिअरिंग’ म्हणतो आणि पॉवर स्टिअरिंगचे तेल बदलून येतो.

जॅक कुठे लावावा?

गाडी उचलताना एक पथ्य कडक पाळावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये. लोखंडी घोड्या लावाव्यात, मागील चाके अडवावीत, आणि अंगण मातीचे असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवावी. ओलसर काळ्या मातीत जॅकचा पाया कधी तिरपा होईल सांगता येत नाही.

आता जॅक कुठे लावायचा हा प्रश्न. तो किरकोळ वाटतो, पण बहुसंख्य चुकीचे निदान इथेच होते. त्यासाठी गाडीच्या पुढच्या भागाची रचना समजून घ्यावी लागते. मारुती ८००, इंडिका आणि बहुतेक छोट्या मोटारींत मॅकफर्सन स्ट्रट ही पद्धत आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने गेल्या शतकाच्या चाळिशीत ती विकसित केली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवायचे आणि तो खांब थेट बॉनेटखालच्या पत्र्याला टेकवायचा, ही त्यातील कल्पना. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. छोट्या मोटारींनी ती उचलून धरली यात नवल नाही. या रचनेत गाडीचे वजन स्प्रिंगमधून वर सांगाड्याकडे जाते. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट चाकाला फक्त जागेवर धरून ठेवतो. म्हणून इथे सांगाड्याखाली ठरलेल्या जागी जॅक लावून चाक मोकळे लोंबू दिले की बॉल जॉइंटची ढिलाई सहज कळते.

एकावर एक दोन आर्म असलेल्या रचनेत मात्र हिशेब उलटा होतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल तर सारे वजन खालच्या बॉल जॉइंटवर येते. अशी गाडी सांगाड्याखाली जॅक लावून उचलली तरी दबलेली स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते, सांधा ताणलेलाच राहतो, आणि कितीही हलवले तरी चाक घट्ट वाटते. झिजलेला सांधा अशा वेळी निर्दोष ठरतो. इथे जॅक खालच्या आर्मच्या खाली, चाकाच्या शक्य तितका जवळ लावावा. स्प्रिंगचा भार जॅकवर गेला की सांधा मोकळा होतो आणि खरे काय ते सांगतो. गाडी तपासणारा मिस्त्री जॅक लावण्याआधी खाली वाकून स्प्रिंग कोणत्या आर्मवर आहे हे पाहतो की नाही, यावरून त्याची पारख करायला हरकत नाही.

चाक जमिनीपासून दोन बोटे वर आले की ते घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. हालचाल जाणवली तर दोष बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा? इथे जुन्या मिस्त्रींची एक युक्ती फार कामाची आहे. आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेकमुळे चाक आणि त्यामागचा नकल हे एकजीव होतात. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा. एरवी बेअरिंग बदलूनही आवाज राहिला आणि पुन्हा गॅरेजची वारी झाली, असे अनेकांच्या नशिबी येते.

चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले असता हालचाल दिसली, तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅककडे जातो. हात तिथे ठेवून नेमका कोणता सांधा हलतो ते पाहावे. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक जोराने फिरवावे. बेअरिंग खराब असेल तर घरघर कानाआधी हाताला कळते.

शेवटी बुश. आर्म जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथे लोखंडी नळीभोवती रबर असते. टॉमी हलक्या हाताने घालून आर्म मागेपुढे सरकवून पाहावा. रबराच्या वरच्या त्वचेवर बारीक भेगा असणे हे वयाचे लक्षण आहे आणि त्यासाठी खर्च करण्याची निकड नाही. रबर नळीपासून सुटले असेल, आरपार चिरले असेल किंवा इंजिनचे तेल पिऊन फुगले असेल तर मात्र ते बदलावे. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, वेग वाढवताना दुसऱ्या बाजूला, ही तक्रार बहुधा इथून निघते. मारुती ८०० च्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इतर अनेक गाड्यांत पुढच्या आडव्या दांडीचे, म्हणजे स्टॅबिलायझर बारचे, बुश झिजले तर फक्त खडखड वाढते. ८०० मध्ये हीच दांडी खालच्या आर्मला पुढेमागे सरकण्यापासून रोखते. तिथे बुश झिजणे म्हणजे चाकाची जागाच ढळणे. ‘आवाजच येतोय ना, येऊ द्या’ हे उत्तर त्या गाडीला लागू नाही.

नट आणि पिनाही पाहाव्यात. कंगोरेदार नटमधून आरपार जाणारी कॉटर पिन प्रत्येक जागी आहे का? तिच्या जागी तार किंवा खिळा अडकवलेला दिसला तर त्या गाडीची मागील दुरुस्ती कोणत्या वृत्तीने झाली हे कळते.

कमानपाट्याच्या गाड्या

जुन्या जीप आणि मालमोटारींची गोष्ट निराळी. त्यांच्या पुढे अखंड अ‍ॅक्सल, त्यावर कमानपाटे आणि वळण्यासाठी किंगपिन. इथे बॉल जॉइंटऐवजी किंगपिनचे बुश झिजतात; परीक्षा तीच, चाक बारा-सहाला धरायचे आणि ब्रेक दाबायचा. पाट्यांत तुटलेले पान आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का, मधला बोल्ट शाबूत आहे का आणि शॅकलचे बुश किती झिजले आहेत, हे पाहावे. मधला बोल्ट तुटला आणि यू-बोल्टही ढिले असले की अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते.

या गाड्यांना एक विकार जडतो. ठरावीक वेगात खड्डा लागला की दोन्ही पुढची चाके थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात धरवत नाही. चालक मंडळी वेग कमी करून वेळ मारून नेतात आणि स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून घेतात. स्क्रू आवळल्याने प्ले कमी झाल्यासारखा भासतो, पण किंगपिन, ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचे झिजलेले सांधे तसेच राहतात. उलट अति आवळलेला बॉक्स मध्यावर अडकू लागतो. या जुन्या रचनेचा मोठेपणा असा की तिला ग्रीसचे निपल दिलेले आहेत. महिन्यातून एकदा ग्रीस गन चालवली तर किंगपिन वर्षानुवर्षे टिकतात. ती न चालवण्याला मात्र कोणतीही सबब नाही.

दुरुस्ती करताना

तपासणीत दोष निघाल्यावर बहुतेक जण आधी अलाइनमेंट करून घेतात, कारण ते स्वस्त आहे आणि यंत्रावर रंगीत आकडे दिसतात. सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट यंत्रावरून उतरताच बदलते. आधी सांधे, मग अलाइनमेंट, त्यानंतर हवे तर नवे टायर. हा क्रम उलटा केला की टायरचे पैसे पाण्यात जातात.

झिजलेला बॉल जॉइंट वेल्डिंगने भरून देणारे कारागीर ठिकठिकाणी भेटतात. त्यांच्या हातातील कसब नाकारण्याचे कारण नाही. ट्रॉलीची साखळी किंवा नांगराचा फाळ त्यांच्याकडून जरूर करून घ्यावा. पण बॉल जॉइंटचे पोलाद विशिष्ट प्रक्रियेने कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती कठीणता जाते आणि शेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो. सांधा बाहेरून भरलेला दिसतो, तुटतो मात्र पूर्वसूचना न देता. छोट्या मोटारीचा टाय रॉड एंड काही शे रुपयांत मिळतो. एवढ्या रकमेसाठी चार माणसांचा जीव टांगणीला लावणे हा व्यवहार कोणत्याच वहीत बसत नाही. तापवून सरळ केलेल्या आर्मलाही हेच लागू आहे.

सुटे भाग घेताना वेष्टनावर भाग क्रमांक आणि उत्पादकाचे नाव पाहावे, बिल घ्यावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. जुना सांधा हातात धरून हलवला की बदलणे आवश्यक होते की नाही, हे ग्राहकाला स्वतःलाच समजते. प्रामाणिक मिस्त्री तो न मागता दाखवतो. शॉकअप आणि स्प्रिंगा जोडीने बदलाव्यात. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असेल तर ब्रेक लावताना गाडी वाकडी बसते. बॉल जॉइंटच्या बाबतीत जोडीचा आग्रह धरण्याची गरज नाही, फक्त दुसरी बाजू तितक्याच काळजीने तपासावी.

एक बारकावा गॅरेजमध्ये सर्रास चुकवला जातो. आर्मचा नवा बुश बसवून गाडी जॅकवर असतानाच बोल्ट पूर्ण आवळला जातो. त्या वेळी आर्म खाली लोंबलेला असतो. गाडी खाली उतरल्यावर आर्म वर येतो आणि बुशातील रबराला कायमचा पीळ बसतो. मग ‘नवा बुश सहा महिन्यांत गेला, माल डुप्लिकेट निघाला’ अशी तक्रार होते. माल पुष्कळदा चांगलाच असतो. बोल्ट आधी हलकेच बसवावा, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबून हलवावी आणि मगच तो ठरलेल्या ताकदीने आवळावा. मिस्त्रीला हे सांगताना संकोच वाटत असेल तर ‘घाई नाही, शेवटचा पाना गाडी खाली घेऊन मारा’ एवढे म्हटले तरी पुरते.

काही गाड्यांच्या बाबतीत ही सारी तपासणी वेगळ्या निष्कर्षापर्यंत नेते. खालच्या आर्मचे कान जिथे सांगाड्याला बसतात तो पत्राच गंजला असेल, किंवा बॉनेटखाली स्ट्रटच्या माथ्याभोवती गंजाच्या भेगा असतील, तर नवे सांधे बसवून उपयोग नाही; ज्याला धरून बसायचे तो पायाच उरलेला नाही. अशा गाडीची किंमत भंगाराची. जालन्यात तरी त्याचे फार दुःख मानू नये. इथल्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या भंगार वितळवूनच पोलाद बनवतात, आणि त्या पोलादाच्या सळया दूरवरच्या बांधकामांत जातात.

जी गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे तिच्यासाठी काम संपल्यावर एक फेरी अवश्य मारावी. आधी गल्लीतल्या खडबडीत रस्त्यावर, काचा खाली आणि रेडिओ बंद ठेवून. ‘खटखट’ एकाच बाजूने येते की दोन्ही, हे ऐकावे. वळणावर पूर्ण स्टिअरिंग असताना ‘टकटक’ येत असेल तर तो दोष सस्पेन्शनचा नसून चाकाला शक्ती देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा असतो, म्हणून उगाच आर्म सोडवू नये. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ऐंशीपर्यंत जाऊन पाहावे. ऐंशी-नव्वदच्या सुमारास येणारी थरथर बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगची असते. ब्रेक दाबताना गाडी सरळ राहते का, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून मध्यावर येते का, हेही इथेच कळते. चाकांचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, आणि नव्या रबरी टोप्यांवर पहिल्या पावसानंतर टॉर्च मारून पाहावे.